सव्वीस पॉइंट सात

कामावर निघायची वेळ झाली की ती आपली सायकल अंगणात आणून उभी करायची आणि बाबा स्टुलावर बसून ती तपासायचे. हातात स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा. त्याच्या दांड्यानं ते फ्रेमच्या एकेका सांध्यावर हलकेच वाजवत आणि मान कलती करून ऐकत. सीटखालचा सांधा, पॅडलजवळचा, मागच्या चाकापाशी जाणारे. सगळीकडे तोच बारीक, स्वच्छ आवाज. हँडलखालच्या सांध्यावर मात्र ते पुन्हा पुन्हा वाजवत.

"जा," ते शेवटी म्हणत. मग ती जाई.

दादा गेल्यापासून हे असंच चाललं होतं. शेजाऱ्यांना त्या टकटकीची इतकी सवय झाली होती, की ती एखाद्या दिवशी रजेवर असली तर पलीकडच्या काकू कुंपणावरून विचारत, "आज वाजलं नाही काही?"

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर लोक साचे पाठवत आणि ती त्यावरून कवळ्या, कॅपा, जबड्यात रोवायच्या स्क्रूवरचे दात तयार करी. केसभर फरक पडला तरी माणसाला जेवताना तो डोंगराएवढा जाणवतो, त्यामुळे मोजण्याची तिला खोडच लागली होती. उंचीनं ती बेताची. लहानपणी दादानं तिला 'मापटं' म्हणायला सुरुवात केली आणि चाळिशी उलटली तरी घरात तेच नाव राहिलं. लग्नाचं विचारलं तर ती म्हणे, "माप जुळलं नाही," आणि विषय बदले.

बाबा लोखंडी दारं, जिने, खिडक्यांचे गज बनवत. घराला लागूनच पत्र्याचं वर्कशॉप होतं. पण त्यांचा जीव होता सायकलींच्या फ्रेमीत. मुलं मोठी झाली तेव्हा पोलादी नळ्यांच्या एकाच जुडग्यातून त्यांनी दोन रेसिंगच्या फ्रेमी बनवल्या. सांधे पितळेनं जोडलेले, कानशीनं घासून लोण्यासारखे केलेले. दादाची हिरवी, तिची निळी. चूक एकच झाली. सीटचा दांडा जिच्यात उतरतो ती उभी नळी आतून साफ करायचं हत्यार झिजलेलं होतं, आणि भोक आलं सव्वीस पॉइंट सात मिलिमीटरचं. बाजारात सव्वीस पॉइंट सहाचा दांडा मिळतो, आठचाही मिळतो. सातचा कुठलाही दुकानदार ठेवत नाही.

"बाजारच चुकलाय," बाबा तेव्हा म्हणाले होते आणि लेथवर स्वतःच दोन अ‍ॅल्युमिनियमचे दांडे कातले होते. दांडा फिरू नये म्हणून त्यांनी नळीच्या आत, मागच्या बाजूला एक पिन बसवली आणि दांड्याला तिच्या मापाची उभी खाच पाडली. अशी करामत असलेल्या सायकली पृथ्वीच्या पाठीवर दोनच, असं ते पाहुण्यांना ऐकवत. पाहुणे बिचारे माना डोलावत.

हिरवी सायकल दादाबरोबर गेली. आदल्या दिवशी वादळ झालं होतं, नदी दोन्ही काठ धरून चालली होती, आणि दादा नेहमीसारखा भल्या सकाळी पुलाकडे निघाला. दुपारी पुलावर त्याचं हेल्मेट सापडलं, पाण्याची बाटली सापडली आणि कठड्याच्या लोखंडावर हिरव्या रंगाचा एक ओरखडा. पाणबुडे उतरले. काही हाती लागलं नाही. एवढ्या पाण्यात लागणारही नाही, असं त्यांनी सांगितलं. सायकल मोडून तो कठड्यावर आदळला असावा आणि दोघंही खाली गेली असावीत.

'मोडून' हा शब्द बाबांनी जो उचलला तो कायमचा. कारण आधीच्या आठवड्यात दादानं त्यांना हँडलखाली एक रेघ दाखवली होती. केसासारखी, सांध्याच्या कडेनं जाणारी. बाबांनी तिच्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "रंगाची आहे. रविवारी बघू." रविवार यायच्या आत दादा गेला. तेव्हापासून बाबांनी सांधे जोडायची गॅसची बत्ती पेटवली नाही. वर्कशॉपचं दार उघडत, झाडून घेत, हत्यारांना तेल लावत आणि पुन्हा बंद करत. त्या रेघेचा विषय त्यांनी कुणाजवळ काढला नाही. मापट्याजवळही नाही. पण दादा ती दाखवत होता तेव्हा मापटं पलीकडेच उभं होतं.

आईचं निराळंच. ती मुळी मानायलाच तयार नव्हती. "तो पोहतो," एवढंच म्हणायची. शेवटी बाबांनी आणि मापट्यानं ठरवून दादाचा फोटो मोठा करून आणला आणि बाहेरच्या खोलीत लावला, की रोज डोळ्यांसमोर राहिला तर हळूहळू मन घेईल. आई रोज सकाळी उठून तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवी. बाबा चहा घेता घेता तो सरळ करत. दोघं एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द बोलत नसत. पुढल्या वर्षी आईनं अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. आता तिचाही फोटो त्याच भिंतीवर, दादाच्या शेजारी.

आणि या वर्षी मापट्याच्या सायकलीचा दांडा तडकला.

तो बाहेर येता येईना. अ‍ॅल्युमिनियमनं पोलादाला आतून असं काही धरलं होतं की जणू एकच धातू. तिनं बरेच रविवार त्यात घातले. करवतीचं पातं कापडात गुंडाळून दांड्याच्या आतून उभं कापत जायचं, पिनेला धक्का न लावता. बाबा दारात उभे राहून सूचना करत. "घाई नको. पात्याला काम करू दे." पण ते आत आले नाहीत आणि पात्याला हात लावला नाही. शेवटी दांडा तुकड्यातुकड्यांनी निघाला.

दुकानदार म्हणाला, "ताई, या म्हातारीला कशाला औषधपाणी करताय? नवी घ्या." तिनं त्याचे आभार मानले आणि घरी येऊन शोध घेतला. समुद्रापलीकडे एक छोटा कारखाना सापडला. जुन्या सायकलींसाठी लागतील ते टायटेनियमचे भाग, पाठवाल त्या मापाचे बनवून देणारा. नामवंत कंपन्यांच्या मानानं दर अगदीच माफक. टायटेनियम तिच्या रोजच्या हातातला धातू. माणसाच्या जबड्यात जन्मभर राहतो, गंजत नाही, कुरकुरत नाही. तर सायकलीत का राहू नये? आधी तिनं चाचणी म्हणून ब्रेकचे बोल्ट मागवले. ते आले, कॅलिपर लावून त्यांची मापं पाहिली, आणि मग तिनं दांड्याचं चित्र काढून पाठवलं. जाडी सव्वीस पॉइंट सात. मागे उभी खाच, तिची रुंदी, खोली, लांबी.

कारखान्यातला कारागीर आपल्या भाषेत लिही आणि मशीन त्याचं मराठी करून देई. ते मराठी वाचून लॅबमधल्या पोरींची करमणूक व्हायची. बोल्टच्या वेळी त्यानं लिहिलं होतं, 'आदरणीय ग्राहक भगिनी, तुमचे स्क्रू आनंदाने जन्मले आहेत.'

दांड्याबद्दलचं उत्तर आलं तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. एका हातात चिमटा, चिमट्यात कुणाच्या तरी दाढेची कॅप, आणि दुसऱ्या हातानं तिनं फोन वळवला.

'आदरणीय ग्राहक भगिनी, चित्र मिळाले. चित्र सुंदर आहे. एक प्रश्न उठतो. मागील वेळेची नळी बसली नाही काय? तेच माप, तीच खाच. ती हिरव्या सायकलीसाठी होती. आता सायकल निळी झाली?'

तिनं कॅप ट्रेमध्ये ठेवली. चिमटा ठेवला. आणि मग तिला कळेना की पुढे काय करायचं असतं. शेजारची मुलगी काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते.

तिनं लिहिलं, 'मी याआधी नळी मागवलेली नाही. ती कुणी मागवली?'

उत्तरासाठी ती तशीच बसून राहिली.

'क्षमा. दुसऱ्या ग्राहकाचे नाव देणे योग्य नाही. परंतु तुमच्या शब्दांत मला काहीतरी ऐकू येते. मी त्याला विचारतो.'

त्याला. तो शब्द तिनं किती वेळा वाचला असेल. मशीनला बाई-पुरुष काय कळतंय, ते दिसेल त्याला 'तो' म्हणतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. याच मशीननं मागे लॅबच्या मॅडमना 'ते गृहस्थ' करून टाकलं होतं. तरीसुद्धा त्याला.

घरी तिनं काही सांगितलं नाही. बाबांची तब्येत तोळामासा. उगीच आशा लावायची आणि निघायचं भलतंच. ती बसनं कामावर जाऊ लागली. निळी फ्रेम वर्कशॉपमध्ये स्टँडवर टांगलेली, दांड्याविना. पण बाबांची वेळ झाली की बाबा तिथं जाऊन वाजवतच. चहा गाळता गाळता तिला ते ऐकू यायचं आणि गाळणी हातातच राहायची, कारण आता तिला त्या टकटकीचं उत्तर ऐकू येऊ लागलं होतं. दूर कुठेतरी दुसरी एक फ्रेम तसंच वाजते आहे असं. बसच्या खिडकीतून हिरवं काही सरकलं की ती मान वळवून पाही. दुकानाची पाटी, रिकामं पिंप, कुणाची तरी साडी. आंघोळीला गेलं की दारावर थाप पडल्यासारखं वाटे. पाणी बंद करून ऐकावं तर काही नसे.

तो काय करत असेल, जेवला असेल का, असं तिच्या मनात येई, आणि मग ती स्वतःलाच दटावी. सायकल कुणीही चालवत असेल. पुरानं कुठेतरी लावली असेल, कुणी उचलली असेल. पण मग दुसरं मन म्हणे, पाण्यातून निघालेली सायकल आणि इतक्या वर्षांनी तिला टायटेनियमचा दांडा? गंजून चाळण झाली असती.

एके दिवशी उजाडल्यावर ती बाहेरच्या खोलीत आली तर बाबा भिंतीसमोर उभे होते. हातात कपबशी, बशीत चहा सांडलेला.

"मापटे," ते हळू आवाजात म्हणाले, "ती येऊन गेली."

"कोण?"

त्यांनी बोट दाखवलं. दादाच्या फोटोचं तोंड भिंतीकडे होतं.

तो सरळ करायला तिनं हात पुढे केला. आणि मग हळूहळू आठवलं. मघाशी, उठल्या उठल्या, दिवा न लावता ती इथून गेली होती. जाता जाता दादाकडे बघवेना म्हणून तिनंच फोटो फिरवला होता. आईसारखाच, दोन्ही हातांनी, खालच्या कडेला धरून. आपण काय करतोय याचा तिला पत्ताही नव्हता.

"मी केलं बाबा ते," ती म्हणाली. "बसा तुम्ही. बसा आधी."

मग सांगणं भाग होतं. तिनं फोन काढून दोन्ही निरोप वाचून दाखवले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. दादा कुठे आहे, जिवंत आहे का, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही.

"फ्रेम आहे?" ते म्हणाले.

"आहे म्हणायची. त्याशिवाय दांडा कशाला मागवेल कुणी?"

"अख्खी?"

"ते मला कसं कळणार, बाबा?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

फोन आला तो आठवडाभरानं. आवाज वयस्कर पुरुषाचा, खर्जातला. दादाचा नाही हे पहिल्या शब्दातच कळलं, आणि आपण मनातल्या मनात कोणत्या आवाजाची वाट बघत होतो हेही तिला त्याच क्षणी कळलं.

"मी टपाल खात्यातून रिटायर झालोय," तो म्हणाला. "तो परदेशातला माणूस लिहितो की हिरव्या सायकलीवरून कुणी बहीण बेचैन आहे. तुम्हीच का त्या?"

"सायकल तुम्हाला कुठे मिळाली?"

"फोनवर नको, ताई. तुम्ही येऊन जा. सायकल इथेच आहे."

दिवसभराचा बसचा प्रवास होता. ते बंदराचं गाव. उतरताच अंगाला खारट वारा चिकटला. टपालवाल्याचं घर चढावर, खाली ते स्वतः आणि वर बाहेरून जिना असलेली एक भाड्याची खोली. सायकल जिन्याखाली उभी होती. हिरवी. कठड्याला घासल्यावर रंग उडाला असेल तिथे कुणीतरी जवळपासच्या छटेचा हात मारला होता. सीटखाली नवा टायटेनियमचा दांडा, राखाडी, मंद चमकणारा.

ती सायकलीपुढे उकिडवी बसली.

हँडलखाली ती रेघ होती. तशीच, केसासारखी, सांध्याच्या कडेनं. तिच्या पर्समध्ये लॅबचा प्रोब असायचा, दातातली चीर शोधायचा, टोकदार आकड्यासारखा. दाताला चीर असेल तर टोक तिच्यात अडकतं आणि बोटाला कळतं. तिनं प्रोब काढला.

"थोडा रंग खरवडला तर चालेल?"

"तुमचीच आहे ती," टपालवाला म्हणाला.

तिनं रेघेच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडला. खालचं पोलाद उघडं पडलं. प्रोबचं टोक तिनं रेघेच्या जागेवरून पुढे नेलं, मागे आणलं, आडवं फिरवलं. ते कुठेही अडकलं नाही. पितळ आणि पोलाद जिथे भेटत होते तिथेसुद्धा काचेसारखं गुळगुळीत. रेघ रंगाचीच होती.

ती तिथेच फरशीवर बसून राहिली. टपालवाल्यानं आतून पाणी आणून दिलं, आणि एक खुर्ची, आणि ती खुर्चीवर बसेना म्हणून तो स्वतःच जिन्याच्या पायरीवर बसला.

तिनं फोनवर दादाचा फोटो काढून दाखवला. त्यानं चष्मा वर सारून नीट पाहिला.

"हेच. दाढी होती तेव्हा. नाव वेगळं सांगायचे."

"कधी आला होता?"

"त्या मोठ्या पुराच्या वर्षी, पूर ओसरल्यावर. वरची खोली घेतली. बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. दोनेक वर्षं राहिले असतील. माणूस सरळ. कुणाच्या अध्यात ना मध्यात. सुट्टीच्या दिवशी ही सायकल इथे अंगणात घेऊन पुसत बसायचे. मी एकदा म्हटलं, एवढं तर कुणी पोराला न्हाऊ घालत नाही. तर हसले."

"घरच्यांचं काही बोलायचा?"

टपालवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे. "विचारलं होतं मी. भाडेकरू ठेवायचा म्हणजे विचारावं लागतं."

"काय म्हणाला?"

"आईवडील दोघंही नाहीत म्हणाले. एक बहीण होती म्हणाले."

"होती?"

"होती, असंच म्हणाले."

तिच्या डोक्यात आकडे आपोआप जुळत गेले. पूर ओसरला ते वर्ष. तेव्हा आई हिंडतीफिरती होती. रोज सकाळी फोटो भिंतीकडे वळवत होती. तो पोहतो, म्हणत होती. आणि आपण दोघं, शहाणी माणसं, तिच्या मागे उभे राहून फोटो पुन्हा सरळ करत होतो.

"मग गेला कुठे?"

"ते काही बोलले नाहीत. एक दिवस खाली आले, खांद्याला पिशवी. म्हणाले, तुम्ही पायी टपाल वाटता, ही घ्या, हिला चालती ठेवा. मी म्हटलं, वापरतो, परत आलात की घेऊन जा. तर म्हणाले, मी परत येत नसतो." टपालवाल्यानं खाली उताराकडे बोट केलं. "आणि उतार उतरून चालत गेले. मला वाटलं बंदरावर निघाले. पण खालच्या वळणावर ते उलट्या बाजूला वळले. पुढचं मला माहीत नाही, ताई. माहीत असतं तर सांगितलं असतं."

तिला एकच विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं ते कळत नव्हतं.

"त्याला काही दुःख होतं का? म्हणजे, तुम्हाला काय वाटलं?"

टपालवाल्यानं बराच विचार केला. घाईत उत्तर देणाऱ्यातला तो नव्हता.

"झोप चांगली लागायची त्यांना," तो शेवटी म्हणाला. "खाली आम्हाला घोरणं ऐकू यायचं."

निघताना त्यानं सायकल बसवर चढवून देतो म्हटलं. ती नको म्हणाली. "चालवता ना तुम्ही? मग चालवा. दांड्याला वर्षातून एकदा बाहेर काढून ग्रीस लावा, नाहीतर अडकून बसेल." एवढं ती अगदी नेहमीच्या आवाजात बोलली, लॅबमधल्या गिऱ्हाइकाला कवळी धुवायला सांगावं तसं. बसमध्ये बसल्यावर मात्र तिला थंडी वाजून आली.

बाबा फाटकातच उभे होते. तिनं चपला काढायच्या आधीच सांगितलं, "रंगाची होती, बाबा. मी खरवडून बघितलं. सांधा जसा तुम्ही जोडला तसाच आहे."

ते फाटकाला धरून उभे राहिले. मग वळून घरात गेले, कॉटवर आडवे झाले आणि भर दुपारी असे झोपले की तिन्हीसांजा झाल्या तरी जागे होईनात. ती दोनदा जाऊन त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघून आली. उठल्यावर त्यांनी पोटभर खाल्लं. दुसऱ्या दिवशी चमचा स्वयंपाकघरातच राहिला. पलीकडच्या काकूंनी कुंपणावरून पाहिलं, विचारलं नाही.

बाकीचं तिनं त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. खोली, बर्फाचा कारखाना, दाढी, चालत गेला ते. ते ऐकत आणि मान हलवत. "म्हणजे पुलावर त्यानं हेल्मेट ठेवलं," एकदा ते म्हणाले. "ठेवलं आणि निघाला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखादं अवघड काम कुणी कसं केलं ते समजून घ्यावं, तसा स्वर. बापाच्या हातून पोर मेलं नाही, एवढ्यावर त्यांचं सगळं भागलं होतं. तिला त्यांचा हेवा वाटला आणि मग संतापही आला.

"तुम्हाला विचारावंसं वाटत नाही, का गेला ते?"

"विचारायला तो कुठे आहे?"

"आईनं काय केलं असतं?"

बाबांनी आईच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिनं आपल्याला जेवायला वाढलं नसतं." दोघांनाही हसू आलं, आणि ते हसू पुरतं येण्याआधीच बाबांचे डोळे भरले. आईवडील दोघंही नाहीत म्हणाला, हे तिनं त्यांना सांगितलं नाही. ते तिनं स्वतःपाशी ठेवलं.

दादाचा फोटो मात्र ते उतरवायला निघाले तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"राहू दे."

"अगं, जिवंत माणसाचा फोटो असा लावतात का?"

"मला लागतो," ती म्हणाली. "हा माझा दादा आहे. तिकडे कोण राहत होता मला माहीत नाही."

बाबांनी फोटो तसाच ठेवला. त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी नवं सिलिंडर मागवलं, बत्तीचा पाइप बदलला आणि काकूंच्या फाटकाची बिजागरी जोडून दिली. इतक्या वर्षांचा खंड पडूनही सांधा चांगला आला. तिचा दांडाही आला. जाड पुठ्ठ्यात गुंडाळलेला, वजन हातात जेमतेम जाणवणारा. सोबत चिठ्ठी, 'आदरणीय ग्राहक भगिनी, तुमच्या मनाला विश्रांती मिळाली असेल अशी आशा.' तिनं ग्रीस लावून तो उतरवला. पिन खाचेत बसल्याचा बारीक 'टक' झाला आणि दांडा खाली गेला, कुठेही न अडखळता.

ती पुन्हा सायकलनं कामावर जाऊ लागली. नदीवरून जाताना आता काही वाटत नसे. पाणी म्हणजे नुसतं पाणी. त्रास व्हायचा तो पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे. रस्त्याच्या कडेनं पिशवी घेऊन चालणारा कुणी पुरुष पाठमोरा दिसला की तिचे पाय पॅडलवर थांबत. इतकी माणसं पायी चालतात हे तिनं आधी कधी बघितलंच नव्हतं. नदीत होता तोवर दादा एका जागी होता. आता तो कुठल्याही रस्त्यावर असू शकत होता, या क्षणी, याच रस्त्यावर सुद्धा, आणि तिला ओळखून तोंड फिरवू शकत होता.

लॅब सुटल्यावर एका संध्याकाळी तिला दादासारखी एक मान दिसली. रुंद, उन्हानं रापलेली, केस मानेवर दोन भागांत वळलेले. ती सायकल हळू करून मागे मागे गेली. बँक, मग दवाखाना, मग चपलांचं दुकान. तो माणूस औषधांच्या दुकानापाशी थांबला. तीही थांबली, पाय खाली टेकून, अगदी जवळ. त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. हाक मारावी तर कोणत्या नावानं मारावी हे तिला सुचेना.

त्यालाच कुणीतरी मागे असल्याचं जाणवलं असावं. तो वळला. चेहरा सर्वस्वी परका, थकलेला, भला.

"काही हवं होतं का, ताई?"

"स्टेशनकडे कुठून जायचं?" तिनं विचारलं.

त्यानं हातवारे करून नीट समजावून सांगितलं. सिग्नल, उजवीकडे, मग सरळ. ज्या रस्त्यानं ती वीस वर्षं जात-येत होती तोच रस्ता. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि तो बघत होता म्हणून त्यानं दाखवलेल्या दिशेनं निघाली.